पाटीआधी सूप

अंगणवाडीत नाव घातलं की महिनाभरात घरात विचारणा सुरू होते, "अजून अ नाही काढता येत?" मग कोणी पाटी आणतं, लेकराच्या मुठीवर आपली मूठ ठेवून अ गिरवून घेतं, आणि पंधरा दिवसांत पाटी दिसली की पोट्टं ओसरीवरून पळ काढतं. ओल्या वावरात वखर घातला तर काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात कोणाला सांगावं लागत नाही. वखर अडकतो, ढेकळं पडतात आणि पुढे ती फोडत बसावं लागतं. साडेतीन वर्षांच्या हाताला अ गिरवायला लावणं त्याच जातीचं काम आहे.

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी त्यांच्या जागी नुसती कूर्चा असते. पहिल्या वर्षात त्यातली दोन एक्स-रेमध्ये दिसायला लागतात, आणि शेवटचं, वाटाण्याएवढं हाड नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान तयार होतं. मुलाच्या हाडांचं वय पाहायला डॉक्टर मनगटाचा फोटो काढायला सांगतात, तो याचसाठी. हाडं झाली नाहीत म्हणून हात चालत नाही, असा याचा अर्थ नाही. पण हात हे अजून चालू असलेलं बांधकाम आहे आणि त्याचा एक क्रम आहे: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी बोटं. खांदा डळमळीत असलेलं मूल पाटीवर पूर्ण हात टेकवून, अंग आवळून लिहितं आणि पाच मिनिटांत दमतं. म्हणून झाडावर चढणं, अर्धी बादली उचलून नेणं, ओलं फडकं पिळणं ही बोटांचीच पूर्वतयारी आहे.

फडकं पिळण्याकडे जरा नीट बघा. एक हात पुढे वळतो, दुसरा मागे. तीन वर्षांचं मूल दोन्ही हात एकाच दिशेला वळवतं आणि पाणी काही निघत नाही. त्याला हातरुमालाएवढं सुती फडकं द्या. टॉवेल दिला तर मुठीतच मावत नाही, मग ते दाबून पाणी काढतं आणि पिळणं राहून जातं. तुळशीपाशी एक गडवा पाणी आणि एक फडकं ठेवलं की खेळ सुरू. फडकं बुडवायचं, कुंडीवर पिळायचं, गडवा रिकामा होईपर्यंत.

आता सूप. घरात धान्य निवडणं चालू असतं तेव्हा मूल जवळ येतंच. त्याला हाकलण्याऐवजी त्याचं वेगळं ताट मांडा. चिमटीचा क्रम मोठ्याकडून बारक्याकडे जातो: आधी चिचोके, मग हरभरा, मग तूर, मग मूग, आणि पाच वर्षांच्या पुढे जवस नाहीतर तीळ. दोन जिनसा एकत्र करायच्या, प्रत्येकी वीस दाणे, जास्त नाही. मूठभर दाणे ओतून ठेवले की मूल दोन मिनिटं निवडतं आणि मग सगळं उधळतं. त्याला कंटाळा येतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे काम संपणारं दिसत नाही म्हणून ते उधळतं.

निवडताना बोटं बघा. अंगठा आणि तर्जनी दाणा उचलतात, मधलं बोट टेकू देतं, आणि अनामिका-करंगळी तळहातात मिटून बसलेली असली पाहिजेत. पुष्कळ मुलांची ती दोन बोटं हवेत ताठ उभी राहतात. उपाय सोपा आहे. कापसाची बोराएवढी गोळी करंगळी आणि अनामिकेखाली दाबून धरायला सांगा आणि उरलेल्या बोटांनी दाणे उचलायला सांगा. गोळी पडली की एक दाणा परत टाकायचा, असा नियम केला तर मुलं हसत करतात. हाताची एक बाजू स्थिर आणि दुसरी चालती, हीच विभागणी पुढे पेन्सिल धरताना लागते.

पुढची पायरी पाच चिचोक्यांची. पाचही एकाच मुठीत घ्यायचे आणि दुसऱ्या हाताची मदत न घेता एकेक बोटांच्या टोकाशी आणून बाटलीत टाकायचा. चार वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. ते मूठ छातीवर टेकवतं किंवा चिचोके मांडीवर ओतून एकेक उचलतं. त्याला दोनच द्या. सागरगोटे खेळणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोरीचा हात पाहिला की हीच हालचाल किती सफाईची होऊ शकते ते कळतं.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ फल्लीदाणे (शेंगदाणे), हरभरे, चिचोके मोकळे ठेवू नका. दाणा घशात जायच्या ऐवजी श्वासनळीत जातो, आणि गावापासून दवाखाना लांब असला की तेवढा वेळ हाती नसतो. तीनच्या वरच्यांनाही मोठं माणूस समोर असतानाच. काही बिया तर कोणत्याच वयाला खेळायला द्यायच्या नाहीत: एरंडी, लाल-काळी गुंज, चंद्रज्योत, धोतरा. दिसायला गोड, पोटात गेल्या तर विष. बिब्याच्या तेलानं कातडी भाजते. पुड्यात उरलेलं सरकीचं रंगीत बियाणं तर नकोच, त्याला औषध चोळलेलं असतं. आणि फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं. रंगीत, जाड, आट्यांची, उघडझाक करायला अगदी मापाची. कितीही धुतली तरी ती खेळात येऊ देऊ नका. झाकणं हवीत तर पाण्याच्या, तेलाच्या, लोणच्याच्या बाटल्यांची घ्या. मोठ्या तोंडाची आधी, अरुंद तोंडाची नंतर.

डिसेंबर-जानेवारीत सोल्यांची भाजी घरोघरी होते. तेव्हा तुरीच्या ओल्या शेंगांसारखं साधन दुकानात विकत मिळणार नाही. शेंगा आधी धुवून घ्या, कारण फवारणी झालेली असते. मग टचटचीत भरलेल्या दहा शेंगा मुलासमोर ठेवा. टोकाजवळच्या शिवणीवर अंगठ्याचं पेर दाबायचं, शेंग 'टच्' वाजून फुटते, मग अंगठा आत सरकवत नेत दाणे ढकलायचे. मूल शेंग दातानं फोडत असेल तर शेंग बघा. ती एकतर पोकळ असते, नाहीतर वाळायला आलेली असते. बोटांनी दाबून फुटत नाही म्हणूनच ते दात लावतं. जोराच्या हिशेबानं वाटाणा सगळ्यात सोपा, तूर मधली, फल्लीची शेंग सगळ्यात कठीण. फल्ली फोडायला पाच वर्षांच्या आत देऊच नये. हरभऱ्याचे हिरवे घाटे देताना लक्षात ठेवा, त्यांच्यावर आंब, म्हणजे आंबट द्रव, असते. बोटाला चीर असली तर झोंबते आणि तोच हात डोळ्याला लागला तर खेळ तिथेच मोडतो.

कापूस घरात असतो पण मुलाच्या हातात क्वचितच पडतो. फुटलेल्या बोंडाची वाळकी टरफलं टोकदार असतात, म्हणून लहान मुलाला नुसता कापूस काढून द्या. बोंडाच्या एका पाकळीत साधारण सहा ते नऊ सरक्या (बिया) असतात. डाव्या हातात सरकी धरायची, उजव्यानं रुई ओढायची. एक हात धरतो, दुसरा काम करतो. ही जोडी बटण लावताना, डबा उघडताना, कागद कापताना पुढे रोज लागते. कवडी कापूस देऊ नका. अळीनं खाल्लेला, डागाळलेला कापूस चिकटून घट्ट होतो, रुई सुटत नाही आणि मूल चिडतं. सरकी तोंडात जाऊ द्यायची नाही आणि काम झालं की साबणानं हात धुवायचे.

साडेचार-पाचला वात वळायला घ्या. आवळ्याएवढी रुई विरळ करून तीन बोटं लांब ओढायची, एक टोक पाटावर अंगठ्यानं दाबायचं, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याखाली ती एकाच दिशेनं वळायची. पुढे वळली की हात उचलून परत मागे आणायचा. मुलं पोळपाटावरच्या लाटण्यासारखी पुढे-मागे घासतात. पुढे पडलेला पीळ मागे येताना उकलतो आणि वात फुसकीच राहते. बोट घामट असेल तर चिमूटभर राख लावा. फुलवात सोपी वाटते पण ती जास्त कठीण असते, कारण तिच्या टोकाला तीन बोटांची चिमटी धरून पीळ द्यावा लागतो. सूत कातायच्या टकळीची मात्र घाई नको. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेतून नई तालीम पुढे आली. हातकामाभोवती सगळं शिक्षण उभं करणाऱ्या त्या योजनेनंही मुलं घेतली ती सात वर्षांपासून पुढची.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं काम म्हणजे माती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी मिरवला जातो, त्याच्या जोडीला मातीचा बैल मुलानं स्वतः केलेला असू द्या. आपली काळी माती थेट वापरली तर हमखास फसते. ती पाण्यानं फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात त्याच कारणानं बैलाच्या पोटालाही पडतात. म्हणून ती हलकी करून घ्यावी लागते. तीन वाट्या चाळलेली काळी माती, एक वाटी बारीक रेती, अर्धी वाटी गव्हाचं हातानं चुरलेलं कुटार (भुसा). पोळा भर पावसाळ्यात येतो, तेव्हा माती उन्हाळ्यातच घमेलंभर काढून ठेवा. हातभर खोलीची, गोठ्यापासून आणि लोकांच्या बाहेर जाण्याच्या जागेपासून लांबची, वाळवून फोडलेली. वरच्या घाणेरड्या मातीत जंतांची अंडी असतात. आदल्या रात्री पाणी शिंपडून गोणपाटाखाली झाकून ठेवली की सकाळी मळायला येते. पाणी एकदम ओतू नका, साधारण वाटीभर लागतं पण ते थोडंथोडं घालायचं.

माती झाली की नाही हे कळायला बोटाएवढी जाड वळी करा आणि अंगठ्याभोवती वाकवा. तुटली तर पाणी कमी. अंगठ्याला चिकटून आली तर जास्त. न तुटता, न चिकटता वळली तर मुलाच्या हातात द्या. ही चाचणी न करता ओलीकच्च माती दिली की पुष्कळ मुलं हात झटकून उठतात आणि आपण म्हणतो, याला माती आवडत नाही. त्याला चिकट आवडत नाही, एवढंच. कोरडी दिली तर ते बोटांनी दाबण्याऐवजी सगळं अंग टाकून तळव्यानं दाबतं, म्हणजे बोटांचं काम बाजूलाच राहतं.

कामाचा क्रम असा. दोन्ही तळव्यांत लिंबाएवढा गोळा फिरवायचा. तीन वर्षांच्या मुलाला इतकंच पुरे, गोळे करू द्या, दहा करू द्या. मग गोळा थापून भाकर. मग पाटावर लाटून साप. साप सगळीकडे सारखा जाड झाला की बोटांचा दाब सारखा पडतोय असं समजा. बहुतेकांचा साप मधेच बारीक होऊन तुटतो, कारण मुलं तळव्याचा खळगा वापरतात. बोटं पसरून, टोकाकडून मधे येत लाटायला दाखवा.

बैलाचं धड अंडाकार ठेवायचं आणि पाय त्याच मातीतून चिमटीनं ओढून काढायचे. वेगळे पाय करून चिकटवले तर वाळताना गळून पडतात. चिकटवायचेच असतील तर दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे मारून मधे पातळ चिखल लावा. पाय मुलाच्या अंगठ्याएवढे जाड आणि आखूड असू द्या, बारीक पायांवर बैल बसकण मारतो. वशिंड शेवटी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र आणून पाठीवरची माती वर ओढायची. पेन्सिल धरायची पकड हीच. पाटीवर महिनाभर सांगून जे होत नाही ते वशिंडाला दहा वेळा चिमटे घेतल्यावर आपसूक होतं. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, एकेका बोटाच्या टोकानं दाबून. शिंगांना तुराटीचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचे, तुकडे, पण टोकं आधी दगडावर घासून घ्या. सावलीत तीन-चार दिवस वाळवा, उन्हात ठेवला तर एका बाजूनं आकसून वाकडा होतो.

ओवण्याच्या कामात मुलं हरतात ती बहुतेक वेळा दोऱ्यामुळे. दोऱ्याचं टोक लिबलिबीत असलं की ते भोकाशी जाऊन वाकतं आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही. टोक मेणबत्तीच्या मेणात बुडवा किंवा भाताच्या पेजेनं कडक करा, दोन पेरं लांबीपर्यंत. दुसऱ्या टोकाला मण्याच्या भोकापेक्षा मोठी गाठ असली पाहिजे, नाहीतर ओवलेलं खालून गळत राहतं. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला दोरा नकोच. मातीच्या गोळ्यात तुराटी उभी रोवा आणि प्लास्टिकच्या बांगड्या एकेक घालू द्या. नंतर बोटाएवढ्या जाड पोकळ वेळूचे, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे, कडा दगडावर घासून. काचेचे मणी आणि सुई पाचच्या पुढे, सुई तीही झेंडूच्या माळेला.

पळस जवळ असेल तर पत्रावळ लावायला शिकवा, पण पान ताजंही नको आणि वाळलेलंही नको. ताजं पान काडी टोचताना फाटत जातं, वाळलेलं मोडतं. तोडून एक दिवस दडपून ठेवलेलं पान चांगलं. दोन पानांच्या कडा दोन बोटं एकावर एक ठेवून बारीक काडी खालून वर, पुन्हा वरून खाली काढायची आणि उरलेलं टोक मोडायचं. टाका सुटत असेल तर काडी एकदाच टोचलेली असते.

कात्रीबद्दल थोडकंच. बोथट टोकाची पण धारदार पात्याची घ्या. बोथट पात्यात कागद दुमडतो आणि दोष मुलावर येतो. वर्तमानपत्र लुळं पडतं, जुन्या कॅलेंडरचा कागद बरा. दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या करून द्या, एका चापात तुकडा पडतो. रेघेवरून कापणं त्याच्या बरंच नंतर. कोपर पंखासारखं वर उडत असेल तर काखेत एक कागद धरायला सांगा. कागद पडू द्यायचा नाही म्हटलं की कोपर आपोआप खाली येतं. डावखुऱ्या मुलाला साध्या कात्रीत पातं आड येऊन कापायची रेघ दिसत नाही, तेव्हा त्याला ढब्बू म्हणू नका. डावा हात बदलायला तर लावूच नका. हात ठरतो तीन ते सहाच्या दरम्यान, त्याचा त्याला ठरवू द्या.

उलट, दीड वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा मुठीत आवळून ठेवत असेल तर ते हुशारीचं लक्षण नाही, डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे. वर्ष उलटल्यावरही चिमटीनं काही उचलत नसेल, किंवा येत असलेलं काम हातातून जात असेल, तरी तसंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि हे आपणहून सांगा, कारण पाच मिनिटांच्या तपासणीत ते दिसेलच असं नाही.

महागड्या लाकडी संचांबद्दलही विचारणा होते. संच चांगले असतात, पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला गावच्या मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं ते परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच. आपल्या परिसरात सूप आहे.

लिहिणं कधी, हा प्रश्न उरतोच. तीनच्या सुमारास मूल गोल काढतं, चारला अधिकाचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचनंतर त्रिकोण. त्रिकोणाची तिरपी रेघ जमू लागली की अक्षरांना हात घाला. सुरुवात परातीत पसरलेल्या चाळलेल्या राखेत किंवा रेतीत बोटानं करा, जुनी धूळपाटी होती तशी. मग सारवलेल्या भिंतीवर खडूनं, मुलाच्या हनुवटीच्या उंचीला. उभ्या भिंतीवर मनगट आपोआप मागे झुकतं, आडव्या पाटीवर ते आत वळतं. पहिलं अक्षर अ नको. त्यात दोन वेलांट्यांसारखे गोल, मधली जोडरेघ, काना आणि शिरोरेखा, इतक्या वेळा हात उचलावा लागतो. ट आणि ठ घ्या, मग ग, म, भ, न. शिरोरेखा शेवटी. आणि खडू असो की पेन्सिल, मुलाला अख्खी देऊ नका. दोन पेरांचा तुकडा द्या. तेवढ्या तुकड्यावर मूठ मावतच नाही.